रेघेची जागा

"मगदूम, ही रेघ कोणत्या रंगाची?"

जहागीरदार साहेबांनी डोळा दुर्बिणीला लावूनच विचारलं. प्रश्न पहिलीतल्या पोराला विचारावा इतका साधा. पण मला नेमका तोच टाळायचा होता.

चौऱ्याऐंशी साल. कोल्हापूरजवळ शिरोलीत रावसाहेब मोहित्यांची फौंड्री होती, तिथं मी लॅबमध्ये नोकरीला होतो. वाफेच्या मोठ्या पाइपांवर बसणाऱ्या व्हॉल्व्हच्या बॉडी आम्ही ओतत असू. पुण्याच्या एका कंपनीच्या बेचाळीस बॉडी तयार होऊन शेडमध्ये ओळीनं मांडून ठेवल्या होत्या आणि त्या पास करायला कंपनीचे इन्स्पेक्टर जहागीरदार साहेब सकाळीच आले होते. त्यांनी सही केली तर पुढल्या वर्षभराचं काम. नाही केली तर दुसरी भट्टी बंद. हे रावसाहेबांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण शेडमध्ये झाडू मारणाऱ्या शेवंतामावशीलासुद्धा ते ठाऊक होतं. दुसऱ्या भट्टीवर एकोणीस माणसं होती.

लॅबमध्ये आम्ही चौघंच. साहेब, रावसाहेब, आमच्या लॅबच्या प्रमुख टेंबेबाई आणि मी.

ज्याला सगळी फौंड्री 'दुर्बीण' म्हणायची तो खरं तर स्पेक्ट्रोस्कोप. पोलादाचा तुकडा त्याच्या टेबलावर ठेवायचा, खाली तांब्याची चकती. दोघांच्या मध्ये विजेची ठिणगी पेटवली की तुकड्यातला कणभर धातू त्या आगीत जळून उजेड देतो. तो उजेड काचेच्या लोलकातून फाकून डोळ्यासमोर येतो, पण अखंड पट्टा म्हणून नव्हे, तर काळ्या पडद्यावर उभ्या बारीक रेघा म्हणून. लोखंडाच्या शेकडो. त्यांच्या गर्दीत क्रोमियमच्या, मँगेनीजच्या, निकेलच्या. कोणती रेघ आहे आणि शेजारच्या लोखंडी रेघेच्या मानानं किती ठळक आहे, यावरून पोलादात काय काय किती आहे ते सांगायचं. पाच वर्षं मी तेच करत होतो.

"मगदूम?"

"क्रोमियमच्या तीन रेघा आहेत साहेब. जवळजवळ. दुर्बिणीच्या चाकावर आकडा बघा, एकशे..."

"आकडा नाही विचारला. रंग विचारला."

साहेब जरा सरकले आणि मी पुन्हा डोळा लावला. दिसत तर स्वच्छ होतं. तीन रेघा, सुईनं ओढल्यासारख्या. पण रंग?

"पिवळसर," मी म्हणालो.

साहेब सावकाश उभे राहिले. चष्मा काढून त्यांनी रुमालानं पुसला.

"हिरव्यागार आहेत त्या. पोपटासारख्या." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुम्ही रंगांधळे आहात का?"

रावसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. बाहेर शेडमध्ये कुणीतरी बॉडीवर हातोडा मारत होतं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण यंत्राशेजारी बसून पाच वर्षांत एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. जीभ वळेना.

"होय साहेब," मी म्हणालो.

रंगांधळा हा शब्द मी त्याआधी एकदाच ऐकला होता, आणि तो माझ्याबद्दल दुसऱ्यानं उच्चारला होता. माझे वडील, आप्पा, मिरजेला इंजिन ड्रायव्हर. आदगोंडा मगदूम म्हटलं तर कुणाला कळायचं नाही. आदू ड्रायव्हर म्हटलं की स्टेशनावरचा हमालसुद्धा घर दाखवायचा. मी त्यांचा एकुलता एक. बारावी झालो आणि आप्पांनी मला रेल्वेच्या भरतीला बसवलं. लेखी पास झालो. मेडिकलला डॉक्टरांनी एक पुस्तक उघडलं, पानभर रंगीत ठिपके. म्हणाले, यातला आकडा वाच. मला आकडा दिसेना. दुसरं पान, तिसरं पान. मला वाटलं डॉक्टर गंमत करतायत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि कंपाउंडरला म्हणाले, "रंगांधळा. तांबडा-हिरवा. पुढचा पाठवा."

आप्पा बाहेर बाकावर बसले होते. मी सांगितल्यावर ते उठले. घरापर्यंत चालत आलो. दारात आल्यावर म्हणाले, "ड्रायव्हरच्या पोराला सिग्नल दिसत न्हाई. कुणाला सांगू नगंस." त्यांनी स्वतः सगळ्या कॉलनीत सांगितलं की आमचा भरतेश परीक्षेला बसलाच नाही, त्याला पुढं शिकायचंय. मग शिकणं भाग पडलं. मी कोल्हापुरात बी.एस्सी. केलं. कॉलेजात प्रॅक्टिकलला रंग बदलायचा प्रयोग आला की शेजारच्याच्या ब्युरेटकडं बघून आकडा लिहायचो. तेवढी लबाडी केली, नाही म्हणत नाही.

आणि मग फौंड्रीत टेंबेबाईंच्या हाताखाली लागलो. बाई पन्नाशीच्या, एम.एस्सी., आधी कॉलेजात शिकवलेलं. सुती नऊवारी नाही की गोल पातळ नाही, कायम खाकी कोट आणि पायांत पुरुषी बूट. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला पोलादात क्रोमियम किती ते काढायला बसवलं. हिरवट पाण्यात थेंब थेंब औषध सोडायचं आणि फिकट गुलाबी झाक आली की त्याच क्षणी थांबायचं. मी थांबत नसे, कारण मला झाक येतच नसे. दोन-चार दिवस माझे आकडे भलतेच आले. एका सकाळी बाई म्हणाल्या, "मगदूम, उद्यापासून तुम्ही स्पेक्ट्रोस्कोपवर." का ते सांगितलं नाही. मी देवाचे आभार मानले आणि गप्प बसलो.

शिकवलं मात्र त्यांनी जीव ओतून. पहिल्या दिवशी यंत्राला हात लावू दिला नाही. बोटाएवढ्या नळीचा एक हातातला स्पेक्ट्रोस्कोप त्यांच्याजवळ होता. तो देऊन मला अंगणात नेलं. "आभाळाकडे धरा. सूर्याकडे नाही, आभाळाकडे. काय दिसतं?"

"पट्टा दिसतोय. आणि त्यात बारीक काळ्या रेघा."

"एक ठळक काळी रेघ शोधा. पट्टा सगळ्यात उजळ आहे त्याच्या जरा बाजूला. सापडली? हलू नका."

त्यांनी स्टोव्हच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकलं आणि मला आत बोलावून ज्योतीकडं बघायला लावलं. आता सगळा अंधार आणि एकच लखलखीत रेघ. नेमकी त्याच जागी.

"मिठातलं सोडियम," बाई म्हणाल्या. "तापलं की हा उजेड देतं. सूर्यावरही सोडियम आहे. तिथून निघालेला सगळा उजेड त्याच्या वाफेतून बाहेर येताना ते नेमका हाच तुकडा गिळून टाकतं. म्हणून तिथं काळी रेघ, इथं उजळ रेघ. जागा एकच."

"पण असं का?"

"प्रत्येक अणूच्या घरात एक जिना असतो असं समजा. इलेक्ट्रॉन त्या जिन्यावर राहतो. अधल्यामधल्या हवेत त्याला उभं राहता येत नाही, पायरीवरच. वरच्या पायरीवरून खाली उतरला की दोन पायऱ्यांमधल्या उंचीइतका उजेड बाहेर टाकतो. वर चढायचं असेल तर तेवढाच उजेड घेतो, गुंजभर कमी नाही की जास्त नाही. आणि सोडियमच्या घरातला जिना वेगळा, लोखंडाच्या घरातला वेगळा. साऱ्या विश्वात दोन मूलद्रव्यांचे जिने सारखे नाहीत."

मी दिवसभर ती नळी घेऊन फिरत होतो. भट्टीकडं, बल्बकडं, वेल्डिंगकडं. कुणाच्या बापाला बदलता येणार नाही अशी एक गोष्ट माझ्या हाती लागली होती. त्यानंतर मी लोखंडाच्या रेघा अशा पाठ केल्या जशी माणसं आपल्या गल्लीतली घरं ओळखतात. रंगानं नाही. हे घर, मग बोळ, मग जोडघर, मग तीन घरं एका रांगेत.

आणि त्याच रेघांच्या पुढं उभं राहून मी आज "होय साहेब" म्हणालो होतो.

जहागीरदार साहेबांनी आपली वही मिटली.

"रावसाहेब, माफ करा. बेचाळीस बॉडींच्या रिपोर्टवर याच माणसाचे आकडे आहेत. रंग न ओळखणाऱ्या माणसानं रंगांच्या यंत्रावर बसून माल पास केलाय. हे मी पुण्याला काय म्हणून सांगू?"

रावसाहेबांचा चेहरा उतरला. "मगदूम," ते मला म्हणाले, "काय केलंस रं हे? सांगायचं तरी होतंस."

"मला माहीत होतं," टेंबेबाई म्हणाल्या.

आम्ही तिघांनीही वळून पाहिलं. बाई खिडकीपाशी हात मागं बांधून उभ्या होत्या.

"नेमणूक केली तेव्हा नव्हतं. चौथ्या दिवशी कळलं. गुलाबी झाक यायची आणि हा पुढं थेंब सोडत राहायचा. हातात कसूर नव्हती, डोळ्यात होती."

"आणि तुम्ही मला बोलला न्हाईत?" रावसाहेब म्हणाले.

"तुम्ही काढून टाकलं असतंत."

माझी अवस्था तर विचारू नका. पाच वर्षं मी समजत होतो की मी लपवलंय. आणि या बाईनं आपल्याला ते कळलंय हे पाच वर्षं माझ्यापासूनसुद्धा झाकून ठेवलं होतं.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात," साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कडक होता. "जाणूनबुजून रंगांधळा माणूस इथं बसवलात?"

"जाणूनबुजूनच. हा रंगाला भुलत नाही म्हणून. साहेब, तुमचे डोळे चांगले आहेत ना? मग एक काम करा."

बाईंनी कपाटातून दोन बाटल्या काढल्या. नावाच्या चिठ्ठ्या भिंतीकडं फिरवून ठेवल्या. दोन प्लॅटिनमच्या तारा एकेका बाटलीतल्या पुडीत बुडवल्या आणि बर्नर पेटवला. एक तार ज्योतीत धरली. साहेब म्हणाले, "लाल." दुसरी धरली. "हीपण लाल."

"एक लिथियम आहे, एक स्ट्रॉन्शियम. कोणती कशाची?"

साहेबांनी दोन्ही तारा पुन्हा धरायला लावल्या. वाकून पाहिलं. चष्मा लावून आणि काढून पाहिलं. माणूस प्रामाणिक होता, हे मी आजही म्हणेन. थोड्या वेळानं म्हणाले, "सांगता येत नाही. पहिली कदाचित लिथियम."

"मगदूम," बाईंनी ती बोटाएवढी नळी माझ्या हातात दिली.

मी नळीला डोळा लावला. पहिल्या तारेच्या ज्योतीत पट्ट्याच्या एका टोकाजवळ पाच-सहा जाडजूड पट्टे होते आणि पार दुसऱ्या बाजूला एकटी निळी रेघ. निळं मला दिसतं. दुसऱ्या तारेला ते काही नव्हतं. अगदी टोकाशी एकच रेघ, बारीक, एकलकोंडी.

"पहिली स्ट्रॉन्शियम. दुसरी लिथियम."

बाईंनी बाटल्या वळवल्या. चिठ्ठ्यांवर तशीच नावं होती.

साहेबांनी आपली चामडी बॅग उघडून एक लाकडी पेटी बाहेर काढली. आत कापडात गुंडाळलेले पोलादाचे आठ तुकडे, प्रत्येकावर पंचनं ठोकलेला आकडा. सोबत लाखेनं बंद केलेला लिफाफा.

"हे मी प्रत्येक कारखान्यात नेतो," ते म्हणाले. "आम्ही आजवर पास केलेल्या मालातूनच कापलेत. यादी लिफाफ्यात. हा खेळ नाही, मगदूम. आठच्या आठ बरोबर आले तर मी बॉडींचा विचार करीन. एक जरी चुकला, तरी मी वही उघडणार नाही."

"कबूल," मी म्हणायच्या आधीच बाई म्हणाल्या.

साहेबांनी लाखेचा लिफाफा रावसाहेबांच्या हातात दिला. मी पहिला तुकडा ग्राइंडरवर घासून चकचकीत केला, टेबलावर ठेवला आणि ठिणगी पेटवली. ती तडतडते, ओझोनचा वास सुटतो. मला तो वास अजून आवडतो. मी बोलत गेलो आणि बाई लिहीत गेल्या. "एक. साधं पोलाद, मँगेनीज पाऊण टक्का. दोन. स्टेनलेस, क्रोमियम अठरा, निकेल आठ-नऊ. तीन. क्रोमियम सव्वा, मोलिब्डेनम अर्धा. आमच्या बॉडीसारखंच. चार..."

घाई केली नाही. प्रत्येक तुकडा दोनदा घासला, दोनदा पाहिला. दारात माणसं गोळा झाली होती. बातमी शेडभर पसरली होती, कशी ते देव जाणे. दुसऱ्या भट्टीचा मिस्त्री सिदराम घाम पुसत उभा होता. मी तिकडं बघितलंच नाही.

सहावा तुकडा. "क्रोमियम एक टक्का. मोलिब्डेनम नाही."

सातवा. आठवा. झालं.

रावसाहेबांनी लाख फोडली. साहेबांनी यादी हातात घेऊन एकेक वाचायला सुरुवात केली. एक, बरोबर. दोन, बरोबर. तीन, चार, पाच. प्रत्येक 'बरोबर'ला दारातून हुंकार यायचा.

"सहा," साहेब थांबले. "क्रोमियम एक, मोलिब्डेनम पाव टक्का." त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही नाही म्हणालात."

दारात मागचे पुढच्यांना काय झालं ते विचारू लागले.

"सात बरोबर. आठ बरोबर. म्हणजे आठात सात," साहेब म्हणाले. खरं सांगतो, त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "वाईट नाही, मगदूम. रंग न दिसता खूपच चांगलं. पण मी शब्द दिला होता."

"आठात आठ," मी म्हणालो.

कुठून आलं ते बळ मला माहीत नाही. आयुष्यात साहेब लोकांना उलटून बोललो नव्हतो.

"यादी चुकली आहे साहेब. सहामध्ये मोलिब्डेनम नाही."

"यादी मिलच्या सर्टिफिकेटावरून केली आहे!"

"असेल. मोलिब्डेनमची एक रेघ लोखंडाच्या दोन रेघांच्या मध्ये असते, डावीकडच्या रेघेला अगदी खेटून. तीन नंबरमध्ये ती आहे. तुम्ही बघा. सहामध्ये तिथं काही नाही. रेघ फिकट असती तर मी चुकलो म्हटलं असतं. पण ती फिकट नाही, ती नाहीच. तिथं अंधार आहे."

साहेबांनी आधी तीन नंबर पाहिला, मग सहा. बराच वेळ. शेवटी म्हणाले, "मला या गर्दीत काही समजत नाही."

"मग तुकडे विरघळवून, पाण्यात उतरवूनच बघू," बाई म्हणाल्या. "तासाभराचं काम आहे. तिथं रंग तुम्ही बघायचा, साहेब. मगदूमनं लांब उभं राहायचं."

सिदराम मिस्त्रीनं दोन्ही तुकड्यांतून ड्रिलनं कीस काढून दिला. बाईंनी तो ॲसिडमध्ये विरघळवला. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्या तासाभरात कुणी चहासुद्धा मागितला नाही. शेवटी दोन परीक्षानळ्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकीत तीन नंबर, दुसरीत सहा. बाईंनी दोन्हींत एक औषध घातलं.

"दोन्ही रक्तासारख्या लाल झाल्या," साहेब म्हणाले.

"तो लोखंडाचा रंग. आता हे दुसरं औषध लोखंडाचा रंग घालवेल. मोलिब्डेनम असेल तर नारिंगी उरेल. नसेल तर काही उरणार नाही."

त्यांनी तीन नंबरमध्ये थेंब सोडले. मला रंग कळला नाही, पण साहेबांच्या मान हलवण्यावरून कळलं, नारिंगी उरला. मग सहा. थेंब पडत गेले. आणि हे मात्र मलाही दिसलं. नळीतला गढूळपणा विरत विरत गेला आणि मागं पाणी उरलं. त्यातून पलीकडची खिडकी आरपार दिसत होती.

दारात सिदराम ओरडला, "आठ! आठ झालं!" शेडमध्ये कुणीतरी पत्र्यावर हातोडा हाणला. रावसाहेबांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी दोन पावलं पुढं गेलो.

पण साहेब हसले नाहीत. ते ती नळी हातात घेऊन उभेच होते आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"टेलिफोन कुठं आहे?" ते म्हणाले.

"ऑफिसात. काय झालं साहेब?"

"हा तुकडा ज्या सळयांमधून कापलाय, त्यांचे स्टड बोल्ट झालेत. दोनशे. एका वीजघरात मुख्य वाफेच्या पाइपाची झाकणं त्याच स्टडांवर आवळलेली आहेत." ते थांबले. "त्या सळया मी पास केल्या होत्या. सर्टिफिकेट बघून. येत्या गुरुवारी तिथं वाफ सोडणार आहेत."

मोलिब्डेनम नसलेलं पोलाद थंडीत चोख वागतं. दाबाच्या पाण्याची चाचणीही ते पास होतं. पण पाचशे अंशांच्या वाफेशी गाठ पडली की दिवसामागून दिवस केसाकेसानं ताणलं जातं, आणि एक दिवस सुटतं. त्या झाकणांच्या आसपास माणसं उभी असतात. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, तेव्हा लॅबमधल्या कुणालाच नव्हती.

ट्रंक कॉल लागायला पाऊण तास गेला. ऑफिसच्या काचेतून आम्हाला साहेब दिसत होते. उभे राहून बोलत होते, एका हातानं कपाळ धरून. मध्येच त्यांचा आवाज आला, "नाही, माझीच सही आहे. माझंच नाव सांगा. पण वाफ थांबवा." परत आले तेव्हा खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा पाणी मागितलं.

"थांबवलंय," ते म्हणाले. "एकेक स्टड तपासणार आहेत." मग माझ्याकडं वळून, "मगदूम, मी ही पेटी घेऊन नऊ कारखाने फिरलो. नऊ ठिकाणी सहा नंबरला लोकांनी मोलिब्डेनम पाव टक्का सांगितलं. मला वाटायचं सगळे बरोबर. आता कळतंय, एक टक्का क्रोमियमच्या जोडीला ते नेहमी असतंच, म्हणून त्यांना दिसलं."

"मला नाही दिसलं साहेब," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार?

साहेब हसले. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून बेचाळीसच्या बेचाळीस बॉडी पुन्हा पाहिल्या. प्रत्येक रेघ दाखवायला लावली, तिची जागा विचारली, रंग एकदाही विचारला नाही. रिपोर्टवर सही करताना खाली एक ओळ लिहिली, 'स्पेक्ट्रोस्कोपी तपासणी: भ. आ. मगदूम.' तोवर त्या कागदावर लॅबचा शिक्का असायचा, माणसाचं नाव नसायचं. पंधरवड्यानं पुण्याहून पत्र आलं. दोनशेपैकी एकशे बारा स्टड चुकीचे निघाले, सगळे बदलले. मिलमध्ये दोन प्रकारच्या सळया एकाच रॅकवर मिसळल्या होत्या. पत्राखाली साहेबांनी हातानं लिहिलं होतं की तुमचे डोळे सांभाळा.

बाईंना मी विचारलं, "चौथ्या दिवशी कळलं तर मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं लागतील असं नव्हतं वाटलं." आणि ब्युरेट धुवायला लागल्या.

ते पत्र मी मिरजेला नेलं. आप्पांना वाचून दाखवलं, पहिल्यापासून. माझ्या रंगांधळेपणाचा उल्लेख त्यात होता, तोही गाळला नाही. आप्पा ऐकत होते. पत्र संपलं तसे उठले, टोपी घातली आणि बाहेर गेले. आई म्हणाली, "बोलले न्हाईत काही?" मी म्हणालो, "नाही." मला जरा लागलंच ते.

पुढच्या बुधवारी दुपारी फौंड्रीच्या वॉचमननं निरोप पाठवला, गेटवर मिरजेहून माणसं आली आहेत. जाऊन बघतो तर आप्पा. रेस्टचा दिवस होता त्यांचा. धुतलेलं धोतर, कोट, आणि मागं लोको शेडमधली सात माणसं. पोल ड्रायव्हर, अब्दुल फायरमन, निवृत्त झालेले नरसू मामा, सगळे. पॅसेंजरनं आले होते. आप्पा त्यांच्याकडं तोंड करून उभे होते आणि चांगल्या खणखणीत आवाजात सांगत होते,

"हे माझं पोरगं. ह्याला तांबडं-हिरवं कळत न्हाई. परीक्षेला बसला नव्हता असं मी तुम्हाला सांगत आलो, ते खोटं. बसला हुता. रेल्वेनं डोळ्यात नापास केला. मीच झाकून ठेवलं, माझीच लाज मला. आता तो डोळा काय बघतोय ते बघायला चला."

नरसू मामांनी पुढं होऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बाईंनी लॅब मोकळी करून दिली. मी ठिणगी पेटवली आणि आधी आप्पांना बसवलं. इंजिनाच्या धुरानं काळवंडलेला तो चेहरा भिंगावर वाकला. बराच वेळ ते हललेच नाहीत. मी हळूच सांगत होतो, ही लोखंडाची, ही क्रोमियमची, या दोघींच्या मध्ये बघा.

"लई हायत रं," ते म्हणाले. "आनि तू ह्या सगळ्या वळखतोस?"

"ओळखतो आप्पा."

ते उठले. डोळे पुसले, म्हणाले, उजेड फार आहे आत. मग बाकीचे पुढं सरसावले तसे आप्पा यंत्राच्या आडवे उभे राहिले.

"एकेकानं. गर्दी करायची न्हाई. आनि कशाला हात लावायचा न्हाई, साहेब रागावत्यात."

"कुठलं साहेब?" पोल ड्रायव्हरनं इकडं तिकडं बघत विचारलं.

आप्पांनी माझ्याकडं बोट केलं.